नातवंडांचा वाटा वेळेआधी द्यायचा का? एक्झिक्युटरने काय पाहावं, कसं द्यावं

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की हा प्रश्न हमखास येतो. आजोबांनी मृत्युपत्रात नातवासाठी तीस लाख ठेवलेत, 'वयाची २५ वर्षे पूर्ण झाल्यावर द्यावेत' असं लिहिलंय आणि नातू आज सतरा वर्षांचा आहे. कॉलेज मिळालंय, फी चार दिवसांत भरायची आहे. घरातले सगळे एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या माणसाकडे बघतात, आणि तो म्हणजे बहुतेक वेळा मुलाचा मामा नाहीतर आजोबांचे निवृत्त मित्र. एकाला वाटतं, पैसा त्याचाच आहे ना, मग दिला तर काय बिघडलं? दुसऱ्याला वाटतं, पंचवीस म्हणजे पंचवीस, तोवर रुपयाही हलवायचा नाही.

पहिला अडचणीत येऊ शकतो, आणि दुसरा नाहक मुलाचं वर्ष वाया घालवू शकतो. वेळेआधी पैसे देता येतात की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: मृत्युपत्रातलं नेमकं वाक्य, मुलाचं आजचं वय, आणि मागितलेली रक्कम व्याजातून भागते की मुद्दलाला हात लावावा लागतो. एक्झिक्युटरचं मन मोठं आहे की नाही, याचा इथे फारसा संबंध नाही.

खालची माहिती भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ आणि भारतीय न्यास (ट्रस्ट) अधिनियम, १८८२ यांना धरून आहे. खाली आलेली शंभरापुढची कलमं पहिल्या कायद्याची आहेत, शंभराच्या आतली दुसऱ्याची. मुस्लिम मृत्युपत्राला वैयक्तिक कायदा लागू होतो आणि तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात तर हक्काचे वारस असतील तर साधारणपणे निम्म्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं, म्हणून गोव्यातल्या एक्झिक्युटरने आधी ते निम्मं कुठलं हे पाहावं.

आधी बघा, पैसा शिल्लक आहे का

बँकेत तीस लाखांची ठेव दिसते म्हणून ती नातवाचीच आहे असं धरून चालू नका. कायद्यात क्रम पक्का आहे: अंत्यविधीचा खर्च, शेवटच्या आजारपणाचा खर्च, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणि कोर्टाचा खर्च, नोकरमाणसांचा थकलेला पगार, बाकीची देणी आणि मग मृत्युपत्रातले वाटे. कलम ३२५ सरळ सांगतं की कुठलाही वाटा देण्याआधी सगळी देणी फिटली पाहिजेत. आजोबांनी कुणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती का, सोसायटीची थकबाकी, मागच्या वर्षांचा आयकर, हॉस्पिटलने नंतर पाठवलेलं बिल, हे सगळं आधी कागदावर उतरवा.

म्हणूनच कलम ३३७ एक्झिक्युटरला मृत्यूपासून एक वर्षाचा अवधी देतं. त्या वर्षात वाटा द्यायला त्याला कुणी भाग पाडू शकत नाही, अगदी मृत्युपत्रात 'सहा महिन्यांत द्या' असं लिहिलं असलं तरी. देऊ नये असं मात्र कायदा म्हणत नाही, तो दिला तर स्वतःच्या जबाबदारीवर. आपणहून वाटा दिला आणि पुढे बाकीच्यांचे वाटे द्यायला पैसे कमी पडले, तर एक्झिक्युटरला तो परत मागता येत नाही. कलम ३५७ तसं सांगतं, आणि मग तूट त्याच्या खिशातून जाऊ शकते. पहिल्या वर्षातच फीचा प्रश्न आला असेल तर देण्यांची यादी पूर्ण करा, आजोबांकडून ज्यांचं येणं आहे त्यांच्यासाठी जाहीर नोटीस द्या आणि एखादं बिल उशिरा आलं तर भरता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवूनच पुढचा विचार करा.

नॉमिनीचा घोळ इथेच निस्तरून घ्या. ठेवीवर मुलाच्या वडिलांचं नाव नॉमिनी म्हणून असेल आणि बँकेने त्यांच्या खात्यात पैसे टाकले असतील, तर ते पैसे वडिलांचे झाले नाहीत. नॉमिनी फक्त स्वीकारणारा असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. वडिलांना एक लेखी पत्र देऊन ती रक्कम इस्टेटच्या खात्यात आणा. तोंडी बोलण्यावर हे सोडू नका, पुढे हाच जावई-मेव्हण्यांमधल्या भांडणाचा विषय होतो.

मग मृत्युपत्रातलं वाक्य शब्दशः वाचा

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

'माझ्या नातवाला तीस लाख रुपये, त्याला २५ वर्षे पूर्ण झाल्यावर द्यावेत.' कलम ११९ प्रमाणे आजोबा गेले त्याच दिवशी ही रक्कम नातवाच्या हक्काची झाली, फक्त हातात यायची थांबली आहे. दुर्दैवाने नातू विसाव्या वर्षी गेला तर ती त्याच्या वारसांना जाईल. देण्याची तारीख पुढे ढकलली एवढ्यावरून हक्कच पुढे ढकलला असा अर्थ काढायचा नसतो.

'माझ्या नातवाने वयाची २५ वर्षे पूर्ण केली तर त्याला तीस लाख द्यावेत, अन्यथा ते माझ्या पुतणीला द्यावेत.' इथे गोष्ट वेगळी आहे. कलम १२० खाली ही अट पुरी होईपर्यंत नातवाचा पक्का हक्कच नाही, आणि पुतणीचा हक्क मागे उभा आहे. असा पैसा वेळेआधी देणं म्हणजे कदाचित पुतणीचा पैसा देणं. इथे चांगुलपणा दाखवायला गेलात तर पुतणी तुमच्यावर दावा लावू शकते.

तिसरा प्रकार बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. वयाची अट आहे, पण त्याचबरोबर 'तोपर्यंतचे व्याज त्याच्या शिक्षणासाठी खर्च करावे' असंही लिहिलंय. कलम १२० च्या अपवादाप्रमाणे एखादा निधी वय पूर्ण झाल्यावर देण्याचं सांगून मधलं उत्पन्न त्याच व्यक्तीसाठी वापरायला सांगितलं असेल, तर तो निधी अटीवरचा राहत नाही. दुसऱ्या पानावरची एक ओळ पहिल्या पानाचा अर्थ बदलते, म्हणून मृत्युपत्र शेवटच्या सहीपर्यंत वाचा, आणि पुरवणी असेल तर तीही.

वयच लिहिलेलं नाही, 'नातवाला तीस लाख द्यावेत' एवढंच आहे आणि नातू अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला आहे, असंही होतं. मग पैसे लगेच देय आहेत, पण मुलाच्या वतीने कुणाकडे द्यायचे हे मृत्युपत्रात नसेल तर ते बापाच्या हातात ठेवून मोकळं होता येत नाही. ज्या जिल्हा न्यायालयाने प्रोबेट दिलं तिथे मुलाच्या नावे भरायचे, आणि मुलाच्या हितासाठी ते कसे वापरायचे हे न्यायाधीश ठरवतात.

मुलगा अठराच्या आत असेल तर: व्याज तुमच्या अखत्यारीत, मुद्दल कोर्टाच्या

देणी फिटली, रक्कम बाजूला काढून मुलासाठी सांभाळायला घेतली की एक्झिक्युटर त्या रकमेपुरता ट्रस्टी होतो. न्यास अधिनियमाचं कलम ४१ त्याला इथे बऱ्यापैकी मोकळीक देतं. अज्ञान मुलाला त्या मालमत्तेचं जे उत्पन्न मिळायचं असतं, त्यातलं सगळं किंवा काही भाग ट्रस्टी आपल्या मर्जीने त्याच्या पालकाकडे देऊ शकतो किंवा स्वतः खर्च करू शकतो. कशासाठी? पालनपोषण, शिक्षण, आयुष्यात पुढे जाण्यासाठीचा खर्च, धर्मकृत्यं, लग्न यांचा वाजवी खर्च. उरलेलं उत्पन्न चक्रवाढीने साठवायचं आणि गरज पडली तर मागचं साठलेलंही याच वर्षाचं उत्पन्न समजून वापरता येतं. या सगळ्याला कोर्टात जावं लागत नाही.

आकडे मांडून बघू. तीस लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २,१०,००० व्याज. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली, काहीच खर्च झाला नाही, तर साठलेलं व्याज, कर न धरता, सुमारे ४,३५,००० झालं. आता फी १,६०,०००, होस्टेल आणि मेस १,१०,०००, लॅपटॉप ६०,०००, एकूण ३,३०,०००. एका वर्षाच्या व्याजात हे बसत नाही म्हणून मामा नकार देतात. पण साठलेल्या व्याजात ते आरामात बसतं, आणि मुद्दलाला धक्काही लागत नाही. नकार देण्याआधी हा हिशेब केलाच पाहिजे.

मात्र मधलं व्याज मुलाचं आहे का, हे तपासा. ठरावीक रकमेचा वाटा पुढच्या तारखेला द्यायचा असेल तर त्या तारखेपर्यंतचं व्याज साधारणपणे उरलेल्या इस्टेटीत जातं. याला कलम ३५२ मध्ये अपवाद आहे: मृत्युपत्र करणारे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पालकांच्या जागी असलेली व्यक्ती असेल आणि मूल अज्ञान असेल, तर मृत्यूच्या तारखेपासून व्याज मुलाला मिळतं. मृत्युपत्रात पालनपोषणासाठी वेगळी रक्कम ठेवली असेल किंवा उलट काही लिहिलं असेल तर मात्र हा अपवाद लागू होत नाही. आजोबांच्या बाबतीत अपवाद बहुधा लागू होतो, निपुत्रिक काकाच्या बाबतीत काकाने खरंच मुलाला वाढवलं होतं का हे बघावं लागेल.

व्याजात भागत नसेल, उदाहरणार्थ खाजगी मेडिकल कॉलेजची बारा लाखांची फी असेल, तर मुद्दलाला हात लावायला दिवाणी न्यायालयाची परवानगी लागते. कलम ४१ मध्ये 'अन्यथा नाही' असं स्पष्ट म्हटलं आहे. मुंबईबाहेर हा अर्ज साधारणपणे जिल्हा न्यायालयात जातो. सोबत मृत्युपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, रकमेचा आणि व्याजाचा हिशेब, प्रवेशपत्र, संस्थेचं फीचं पत्रक, पालकांच्या उत्पन्नाचे पुरावे आणि शैक्षणिक कर्ज का पुरत नाही याचं स्पष्टीकरण जोडा. न्यायाधीशांच्या मनात पहिला प्रश्न असतो, की आई-वडील कमावते असताना मुलाचं मुद्दल का मोडायचं? त्याचं उत्तर अर्जात आधीच असलं तर कोर्टाच्या तारखा कमी लागतात.

मुलगा सतरा-साडेसतराचा असेल तर मी हा अर्ज करण्याच्या फंदात पडू नका असंच सांगेन. पहिलं वर्ष व्याजातून किंवा बँकेच्या शैक्षणिक कर्जातून निभावून न्या. अर्ज निकाली निघेपर्यंत तो अठराचा होईल आणि सगळं चित्रच पालटेल.

अठरा पूर्ण झाल्यावर 'पंचवीस' टिकतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून घरातली वडीलधारी मंडळी हबकतात. न्यास अधिनियमाच्या कलम ५६ मध्ये उदाहरण दिलं आहे: सरकारी रोखे ट्रस्टींकडे दिले, सूचना अशी की अ चोवीस वर्षांचा होईपर्यंत व्याज साठवा, मग सगळं त्याला द्या. अ सज्ञान झाल्यावर, त्या मालमत्तेत एकट्याचाच हितसंबंध असल्यामुळे, ती ताबडतोब आपल्या नावावर करायला सांगू शकतो. इंग्लंडमध्ये १८४१ पासून चालत आलेला हाच नियम आपल्याकडे कायद्यात आला आहे. सज्ञान होण्याचं वय अठरा. पूर्वी कोर्टाने पालक नेमलेल्या मुलांसाठी ते एकवीस होतं, १९९९ च्या दुरुस्तीने तेही गेलं.

म्हणजे वर दिलेल्या पहिल्या प्रकारच्या वाक्यात, नातू एकटाच लाभार्थी असेल आणि त्याच्यानंतर कुणाचं नाव नसेल, तर अठराव्या वाढदिवसानंतर वेळेआधी द्यायचं की नाही हे ठरवणं मामाच्या हातात उरत नाही. नातवाने लेखी मागणी केली तर रक्कम अडवून ठेवणं कठीण आहे. 'ही रक्कम फक्त शिक्षणासाठी' असं लिहिलं असलं तरी, वाटा पूर्णपणे त्याला दिलेला असेल तर कलम १३८ प्रमाणे तो रोखीने मागू शकतो. तरी देण्याआधी वकिलाचं लेखी मत घ्या आणि फाइलला लावा, कारण 'एकटाच लाभार्थी' हे कधीकधी वाटतं तेवढं साधं नसतं. आजी हयात असेपर्यंत व्याज तिला, असं कलम मध्येच असू शकतं.

मग अठरा वर्षांच्या पोराच्या हातात तीस लाख द्यायचे? कायद्याने अडवता येत नसेल तर समजावता येतं. सेमिस्टरप्रमाणे मुदत संपणाऱ्या त्याच्या नावाच्या ठेवी करा, पहिल्या वर्षाची फी तेवढी मोकळी ठेवा, आणि हे सगळं त्याच्या सहीने करा. मुलांना हिशेब समोर मांडून दाखवला तर ती बहुधा समजूतदारपणे वागतात. त्यांच्यापासून रक्कम लपवली तर मात्र तेच सगळ्यात आधी वकिलाकडे जातात.

अठरा ते पंचवीसमध्ये असलेल्या मुलाचा वाटा अटीवरचा असेल, म्हणजे पुतणीवाला प्रकार, तर कलम ४१ कामाला येत नाही, ते फक्त अज्ञान मुलांसाठी आहे. तेव्हा वाट उरते ती सगळ्यांच्या संमतीची. अट पुरी न झाल्यास ज्यांना पैसा जाणार ते सगळे सज्ञान असतील आणि लेखी संमती देत असतील तर कलम ११ प्रमाणे सूचना बदलता येते. त्यातलं कुणी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने न्यायालयाची संमती लागते.

मृत्युपत्रानेच मर्जी दिली असेल

'एक्झिक्युटरला योग्य वाटल्यास शिक्षणासाठी आधी रक्कम द्यावी' असं वाक्य असेल तर काम सोपं होतं, पण मर्जी म्हणजे लहर नव्हे. ती वाजवीपणे आणि सद्भावनेने वापरली नाही तर कलम ४९ खाली न्यायालय त्यात हात घालू शकतं. नकार देतानाही हेच लागू आहे. 'मला नको वाटलं' हे कारण होत नाही. 'दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत, निकाल लागल्यावर पुन्हा विचार करू' हे होतं.

एक्झिक्युटर दोन असतील तर एक बारीक फरक लक्षात ठेवा. मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर ज्याने प्रोबेट घेतलं आहे तो एकटाही एक्झिक्युटरचे अधिकार वापरू शकतो. पण रक्कम बाजूला पडून दोघे ट्रस्टी झाले की सगळ्यांनी मिळूनच निर्णय घ्यायचा असतो. तेव्हा सुरुवातीपासूनच दोघांच्या सह्या घ्या.

मनात शंका असेल तर कलम ३४ आहे. ट्रस्टी दावा न लावता साधा अर्ज करून न्यायालयाचं मत किंवा निर्देश मागू शकतो, आणि खरी वस्तुस्थिती सांगून त्याप्रमाणे वागला तर त्याला संरक्षण मिळतं. गुंतागुंतीचे वाद मात्र या अर्जात सुटत नाहीत. प्रोबेट झालेलं असेल तर कलम ३०२ खाली उच्च न्यायालयाकडूनही निर्देश घेता येतात.

प्रत्यक्ष पैसे देताना

लेखी मागणी घ्या. मूल अज्ञान असेल तर पालकाच्या सहीने. त्यात रक्कम, कारण, शेवटची तारीख आणि सोबत फीचं पत्रक.

इस्टेटसाठी वेगळं खातं ठेवा आणि पैसे थेट कॉलेजच्या किंवा होस्टेलच्या खात्यात पाठवा. मामाच्या खात्यातून नको, वडिलांना रोखीने तर मुळीच नको. ऑनलाइन पावतीवर विद्यार्थ्याचं नाव आणि अर्ज क्रमांक आलाय का बघा, प्रिंट काढून ठेवा. किरकोळ खर्चासाठी पालकाच्या खात्यात रक्कम टाकायची असेल तर दरमहा ठरवून टाका आणि तीन महिन्यांनी बिलं मागा. अज्ञान मुलाची स्वतःची पोचपावती कायद्याच्या दृष्टीने फार उपयोगाची नाही, पालकाची घ्या, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मुलाकडून आतापर्यंतचा हिशेब मान्य असल्याची सही घ्या.

निर्णयाची अर्ध्या पानाची नोंद त्याच दिवशी करा: काय मागितलं, मृत्युपत्रातलं कुठलं वाक्य लागू होतं, व्याज किती शिल्लक होतं, कुणाला विचारलं, का दिलं किंवा नाही दिलं. सहा वर्षांनी धाकटी बहीण 'दादाला दिलेत, मला का नाही?' असं विचारेल तेव्हा हेच पान कामाला येईल. दोन-तीन नातवंडांसाठी मिळून एकच निधी असेल तर थोरल्याला दिलेली रक्कम त्याच्या वाट्यातून वजा होईल असं लिहून त्याच्या पालकाची सही घ्या. ट्रस्टीने लाभार्थींमध्ये पक्षपात करायचा नसतो, आणि आधी मागणाऱ्याला जास्त मिळणं हाही पक्षपातच.

प्रोबेट घेतलेलं असेल तर ते मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च न्यायालयात द्यायचा असतो, त्यात या रकमा दाखवा. इस्टेट पूर्ण वाटली जाईपर्यंत तिच्या उत्पन्नावर एक्झिक्युटर म्हणून वेगळं विवरणपत्र भरावं लागतं. अज्ञान मुलाचं व्याज काही वेळा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. मोठी ठेव मोडण्याआधी सीएला एक फोन करा.

मृत्युपत्र इंग्लंडमधलं असेल, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या काकांचं, तर वरचं कलम ४१ विसरा. तिथल्या १९२५ च्या ट्रस्टी कायद्यात ट्रस्टींना कोर्टात न जाताही मुद्दलातून देता येतं. पूर्वी ही मर्यादा वाट्याच्या निम्म्यापर्यंत होती, १ ऑक्टोबर २०१४ पासून झालेल्या ट्रस्टना पूर्ण वाट्यापर्यंत. तिथल्या सॉलिसिटरचं पत्र बघून इथल्या एक्झिक्युटरने तीच मोकळीक गृहीत धरू नये.

अजून मृत्युपत्र करायचं असेल तर

बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यांत याबद्दल बहुधा अवाक्षर नसतं. वकिलाला दाखवून असं काही घालता येईल:

'माझ्या नातवाच्या वाट्याची रक्कम त्याला वयाची २५ वर्षे पूर्ण झाल्यावर द्यावी. तोपर्यंतचे उत्पन्न त्याचे पालनपोषण, शिक्षण व औषधोपचार यासाठी वापरावे व उरलेले साठवावे. उच्च शिक्षण, गंभीर आजार किंवा व्यवसाय सुरू करणे यासाठी एक्झिक्युटरला योग्य वाटल्यास त्याच्या वाट्याच्या निम्म्या मर्यादेपर्यंत मुद्दलातूनही रक्कम द्यावी. अशी रक्कम शक्यतो थेट संस्थेस द्यावी व त्याच्या वाट्यातून वजा करावी. तो २५ वर्षांचा होण्यापूर्वी मृत्यू पावल्यास उरलेली रक्कम माझ्या नातीस मिळावी.'

शेवटचं वाक्य विचार करून घाला. ते असलं तर अठराव्या वर्षी सगळी रक्कम मागण्याचा नातवाचा मार्ग अडतो, कारण तो एकटाच लाभार्थी राहत नाही. पण मग एक्झिक्युटरला प्रत्येक वेळी नातीचंही हित बघावं लागतं. एक्झिक्युटर म्हणून मुलाच्या वडिलांऐवजी तिसऱ्या व्यक्तीचं नाव द्या, आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं कोण, तेही लिहा.